निजामपुऱ्याची चौकी

भक्ती नेहमी पाव तास आधी यायची, आणि विहंगला त्याचा भारी अभिमान होता. कमाटी बागेच्या फाटकाशी भेटायचं ठरलं की हा ठरल्या वेळेला धापा टाकत पोचायचा, तर बाईसाहेब आधीच हजर. हातात शेंगांची पुडी, आणि निम्म्या शेंगा संपलेल्या. "आलास? ले, आता टरफलं तरी वेच," म्हणून ती पुडी त्याच्या हातात कोंबायची. दुसऱ्या कुणाला ते लागलं असतं. विहंगला मात्र वाटायचं, जी मुलगी दर वेळी आपली वाट बघत उभी राहते तिच्या मनात काय आहे ते वेगळं विचारायला कशाला हवं? तसं तोंडानं तिनं कधी काही म्हटलं नव्हतं. "आबांना येऊन भेट," एवढं मात्र म्हणाली होती, पण ते तर माणूस इन्शुरन्सवाल्यालाही म्हणतो.

आबा म्हणजे उदयसिंहराव. घर निजामपुऱ्यात. पणजोबा गायकवाड सरकारच्या घोडदळात होते, त्यांची तलवार अजून दिवाणखान्यात टांगलेली. स्वतः उदयसिंहरावांनी उभी हयात एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली होती, म्हणजे उशिरा येणाऱ्या लोकांच्या हजेरीपुढे लाल शाईची फुली मारण्यात. निवृत्त झाले तरी ती नजर काही निवृत्त झाली नाही. समोरचा माणूस सोफ्यावर टेकायच्या आत त्याच्यापुढे फुली पडलेली असे.

आणि विहंग? कारेलीबागेतला, निवृत्त गणित शिक्षक दीनानाथ यांचा एकुलता एक. अलकापुरीतल्या एका छोट्या कंपनीत वेबसाइटी बनवायचा. बिचारा गुणी होता, कामसू होता, पण त्याला एक खूळ होतं. कुठंतरी तो डिस्ट्रिब्युटेड नो-एस्क्यूएल डेटाबेस शिकून आला होता आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. म्हणजे असं, की माहिती एका कॉम्प्युटरवर ठेवायचीच नाही. तीच माहिती तीन ठिकाणी, तीन कॉम्प्युटरवर. एक बंद पडला तरी बाकीचे चालू. कुणी मोठा नाही, कुणी धाकटा नाही. त्याच्या ऑफिसात दुकानदारांच्या साध्या वेबसाइटी होत, तिथं या खुळाला कुणी विचारत नव्हतं. लग्नाच्या वयाचा मुलगा आणि हौस पुरवायला जागा नाही, अशी त्याची अवस्था.

ती जागा त्याला मराठी मंडळाच्या गणपतीनं दिली.

मंडळाचा गणपती कारेलीबागेत बसतो. आरतीचा मान रोज वेगळ्या घराला, आणि सगळ्यांचा डोळा शेवटच्या दिवसाच्या, अनंत चतुर्दशीच्या आरतीवर. इतकी वर्षं मान चिठ्ठ्या टाकून ठरे. दीनानाथांनी सलग इतकी वर्षं चिठ्ठी टाकली होती, पण त्यांची कधी निघाली नाही. "बाप्पाला माझं अक्षर लागत नाही," असं ते हसून म्हणत, पण घरी येऊन त्या रात्री जेवत नसत. गेल्या वर्षी तर कुणाची तरी चिठ्ठी तुपाच्या हातानं डब्याच्या झाकणालाच चिकटून राहिली आणि असं काही रामायण झालं की दोन घरांनी एकमेकांचा प्रसाद घेतला नाही. तेव्हा यंदा चिठ्ठ्या बंद, जो आधी नाव घालेल त्याचा मान, आणि ते सगळं वेबसाइटवर, असं ठरलं. विहंग म्हणाला, मी करतो.

"दीडशे घरांची नावं आहेत रे," त्याचा मित्र सलील म्हणाला. दोघं शाळेपासूनचे जोडीदार, आता एकाच ऑफिसात. "एक्सेलमध्ये मावतील आणि वर जागा उरेल."

"उद्या लोड वाढला तर?"

"कुणाचा? बाप्पाचा?"

पण विहंगच्या डोक्यात भलतंच चक्र फिरत होतं. तीन कॉम्प्युटर लागणार होते. एक कारेलीबागेत स्वतःच्या घरी. एक बाजव्याला मुकुंदकाकांकडे, कारण तिकडची पंधरा-वीस घरं त्यांच्याभोवतीच होती. आणि तिसरा निजामपुऱ्यात. निजामपुऱ्यात कुणाकडे, हे सलीलनं विचारलंच नाही. नुसता कपाळाला हात लावला.

ठरल्याप्रमाणे विहंग पाचाच्या ठोक्याला निजामपुऱ्यात हजर झाला. काखेत कॉम्प्युटर, पाठीवर वायरींची पिशवी, आणि आतून पाचावर धारण बसलेली. उदयसिंहरावांनी दार उघडलं, भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "पाव तास उशीर."

विहंग गारठला. आपण बहुधा पावणेपाच म्हटलं असणार, असं त्यानं स्वतःलाच सांगितलं आणि दोनदा माफी मागितली. भक्ती आतल्या दाराशी उभी राहून पदराआड नव्हे, चांगली उघड हसत होती.

"काय आहे हे?" उदयसिंहरावांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

आता या माणसाला डेटाबेस कसा समजवायचा? विहंगची नजर तलवारीवर गेली आणि त्याला सुचलं. "काका, ही चौकी आहे. शहरात आपल्या तीन चौक्या. प्रत्येकीकडे सगळी खबर. एक पडली तरी दोन लढतात."

उदयसिंहराव ताठ झाले. "वा! आणि सेनापती कुठल्या चौकीवर?"

"सेनापती नाहीच, काका. तिघी सारख्या."

"हॅट! सेनापती नाही तर फौज कसली? उद्या एक चौकी म्हणाली शत्रू आला आणि दुसरी म्हणाली गेला, तर खरं कुणाचं?"

प्रश्न इतका नेमका होता की विहंगला क्षणभर त्यांना मिठीच मारावीशी वाटली. ऑफिसात हे विचारायला त्याच्या साहेबाला सहा महिने लागले असते. "प्रत्येक निरोपावर त्या चौकीच्या घड्याळाची वेळ पडते, काका. दोन निरोप उलटसुलट आले, तर ज्याच्यावरची वेळ नंतरची, तो खरा. पुसलेलंसुद्धा तसंच. नाव पुसलं की तिथं 'इथलं नाव पुसलं' अशी पाटी लागते आणि पाटीवर वेळ." या पाटीला त्या धंद्यातले लोक थडग्याचा दगड म्हणतात. गणपतीच्या कामात ते कशाला, म्हणून विहंग आपला पाटीच म्हणाला.

"म्हणजे सगळा कारभार घड्याळावर!"

"हो, काका."

उदयसिंहरावांचा चेहरा उजळला. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या ती अखेर कुणीतरी सिंहासनावर बसवली होती. त्यांनी कुसुमावतींना, म्हणजे बायकोला, हाक मारून चहाबरोबर लीलो चेवडो, म्हणजे बटाट्याचा ओला चिवडा, आणायला सांगितला. हे भाग्य टाइम ऑफिसातल्या साहेबालासुद्धा कधी लाभलं नव्हतं.

"हे बघ," चहा झाल्यावर ते म्हणाले, "भक्तीनं मला सगळं सांगितलंय. मी हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. विसर्जनापर्यंत तुझी ही फौज एकही घोळ न करता टिकली, तर आईवडिलांना घेऊन ये, बोलू. घोळ झाला, तर मोदक खायचा आणि घरी जायचं."

विहंग हवेत तरंगत घरी गेला. इकडे उदयसिंहराव खुर्ची ओढून आपल्या चौकीसमोर बसले, आणि त्यांच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. पोरानं आणलेल्या कॉम्प्युटरचं घड्याळ चक्क पाव तास मागे होतं! सगळा कारभार घड्याळावर, आणि निजामपुऱ्याची चौकीच मागे? त्यांनी भक्तीला हाक मारली. भक्तीनं आपली वेळ बदलायची जागा दाखवली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. वेळ आपोआप जुळवायची एक खूण होती, तीही उदयसिंहरावांनी बंद केली. कॉम्प्युटरची वेळ घरच्या घड्याळाप्रमाणे पुढे करून दिली. पोराला लाज वाटायला नको म्हणून त्याला काही कळवलंही नाही. केवढं मोठं मन!

रविवारी सकाळी नऊला विहंगनं नावं घालायचं पान उघडलं.

कारेलीबागेत दीनानाथ अंघोळ करून, सोवळं नाही तरी धुतलेला झब्बा घालून फोन घेऊन बसले होते. पण आयत्या वेळी चष्मा सापडेना. विहंगच्या आईनं, निरुपमाबाईंनी, तो त्यांच्याच डोक्यावरून काढून दिला. तेवढ्यात मंडळाच्या ग्रुपवर उदयसिंहरावांचा निरोप येऊन पडला: "चौकी तपासली. चतुर्दशीला स्वतःचे नाव घालून पाहिले, काढले. सर्व ठीक."

"माणूस शिस्तीचा आहे हं," दीनानाथ कौतुकानं म्हणाले आणि त्यांनी चतुर्दशीच्या रकान्यात आपलं नाव घातलं. पडद्यावर आलं, "नोंद झाली. मोरया!" आणि पान पुन्हा उघडून बघतात, तर रकाना कोरा.

त्यांनी परत नाव घातलं. नोंद झाली, मोरया. रकाना कोरा.

"अगं, हे बघ ने जरा." निरुपमाबाईंनी आपल्या हातानं घातलं. मोरया आणि कोरा. मग विहंगनं घातलं. त्याच्याही हाताला यश नाही. इतरांची नावं बाकीच्या दिवसांना भराभर बसत होती, आणि दीनानाथांचं तेवढं उभं राहत नव्हतं. चिठ्ठी निघत नव्हती ते परवडलं, तिथं निदान बाप्पा दहा वेळा होकार देऊन दहा वेळा फिरत नव्हता. पाव तास हा खेळ चालला. शेवटी दीनानाथांनी फोन गादीवर भिरकावला. "नाहीच त्याच्या मनात! मी अडाणी, मला कळायला हवं होतं!" आणि गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालू लागले. तिला ते आधीच एकदा घालून झालं होतं.

त्याच सुमाराला निजामपुऱ्यात उदयसिंहराव हळहळत होते. सगळे दिवस भरले, आणि चतुर्दशी रिकामी! बाप्पाला निरोप द्यायला कुणी पुढे येईना! अशानं देवाला काय वाटेल? त्यांनी तलवारीला नमस्कार केला आणि जड अंतःकरणानं, केवळ कर्तव्य म्हणून, स्वतःचं नाव घातलं. ते मात्र पहिल्या फटक्यात बसलं.

आता बघा, कारेलीबागेतून ते कसं दिसलं असेल. ज्याचं नाव पाव तास पुसलं जात होतं, त्यानं गॅलरीतून आत येऊन पान उघडलं, तर तिथं मुलाच्या होऊ घातलेल्या सासऱ्याचं नाव. दीनानाथांनी सावकाश मान वर करून मुलाकडे पाहिलं. "अजून बोलणी झाली नाहीत, तोवरच सासरची चाकरी?"

"बाबा, मी काही केलेलं नाही!"

"ह्याला म्हणावं," दीनानाथ निरुपमाबाईंना म्हणाले, "माझ्याशी बोलू नये." आणि त्यांनी निजामपुऱ्याला फोन लावला. स्पीकरवर, कारण त्यांना तो बंद करता येत नसे.

"उदयसिंहराव, माझं नाव तुम्ही पुसलंत!"

"तोंड सांभाळून बोला! आमच्या घराण्यानं पुढून वार केलेत, कुणाची नावं पुसली नाहीत! आमची माणसं घोड्यावर होती, तुमच्या पूर्वजांसारखी सरकारच्या कचेरीत नव्हती!"

"ते घोडे आमच्या कचेरीच्या सहीशिवाय दाणा खात नव्हते!"

मग उदयसिंहराव थरथरत्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं, कुणी पुढे येईना, म्हणून मी नाव घातलं. हा मान असा चोरीचा म्हणून माझ्या माथी येणार असेल तर मी मंडळच सोडतो. आणि तुमच्या मुलाला सांगा, मोदक खा आणि घरी जा!"

"मोदक कसले? चतुर्थी अजून यायचीय!" दीनानाथ ओरडले. पण विहंगला त्या मोदकाचा अर्थ समजला होता. तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला. चौक्या उभ्या करून आठवडा झाला नव्हता, आणि लग्न मोडलं होतं.

सलील दुपारी आला तेव्हा विहंग चौक्यांमधल्या नोंदी उकरत बसला होता. जेवलेला नव्हता. "एक्सेलमध्ये..." सलीलनं सुरुवात केली, पण मित्राचं तोंड बघून त्याला दया आली आणि तोही शेजारी बसला.

"हे बघ," विहंग म्हणाला. "काकांनी स्वतःचं नाव पुसलं त्या पाटीवरची वेळ काय? सव्वानऊच्या पुढची. म्हणून तोवर बाबांनी जितक्या वेळा नाव घातलं, ते पाटीच्या आधीचं ठरलं. म्हणजे पुसलेलं. बरोबर आहे, डेटाबेसचं काही चुकलेलं नाही."

"मग घोळ कुठे?"

"पण काकांचा ग्रुपवरचा निरोप बघ. 'नाव काढले.' तो नऊ वाजून दोन-चार मिनिटांनी आलाय." त्यानं फोन पुढे केला. "पुसायच्या आधीच पुसलं म्हणून कोण कळवतं?"

दोघं त्या दोन वेळांकडे बघत राहिले. मधलं अंतर बरोबर पाव तासाचं होतं. विहंगला दारात उभे असलेले उदयसिंहराव आठवले. 'पाव तास उशीर.' आणि मग त्याला आठवलं कमाटी बागेचं फाटक, शेंगांची पुडी, आणि त्याचा चेहरा असा काही उतरला की सलील घाबरला.

"काय झालं रे?"

"त्या घरची घड्याळंच पुढे आहेत," विहंग खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "सगळी. म्हणून ती लवकर यायची. मी आपला समजत होतो..."

सलीलला हसू आवरेना आणि हसायचीही सोय नव्हती. त्यानं उशीत तोंड खुपसलं.

आता पंचाईत बघा. घोळ माझ्या वेबसाइटचा म्हणावं, तर अट मोडली, भक्ती गेली. घोळ तुमच्या घड्याळाचा म्हणावं, तर टाइम ऑफिसात हयात काढलेल्या माणसाला त्याची वेळ चुकते असं सांगायचं. म्हणजे भक्ती तर गेलीच, वर ती तलवारही भिंतीवर राहणार नाही. "बाजव्यावर ढकल," सलीलनं सुचवलं. "मुकुंदकाका गरीब स्वभावाचे आहेत." विहंगनं मान हलवली. बाबा जेवले नव्हते. त्यांचं नाव दहा वेळा का पुसलं गेलं हे त्यांना खरं कळायलाच हवं होतं, मग भले काहीही होवो.

भक्तीला 'पाचला येतो' एवढं कळवून तो निघाला, तर दीनानाथ चपला घालून दारात उभे. "ह्याला म्हणावं, मीही येतोय," ते निरुपमाबाईंना म्हणाले, आणि स्कूटरवर मागे बसून वाटभर मुलाच्या खांद्याला धरून, त्याच्याशी एक शब्द न बोलता निजामपुऱ्याला आले.

दार उदयसिंहरावांनीच उघडलं. दोघांना बघून त्यांच्या मिशा ताठ झाल्या, पण दारात आलेल्याला आत घेणं हा घराण्याचा रिवाज. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "पाव तास उशीर."

"नाही, काका," विहंग म्हणाला. "उशीर नाही. पाचच वाजलेत. तुमचं घड्याळ पाव तास पुढे आहे. आणि चौकीचंही. म्हणून बाबांचं नाव पुसलं गेलं."

त्यानं सगळं सांगितलं. पाटी, तिच्यावरची सव्वानऊनंतरची वेळ, ग्रुपवरचा निरोप. कुसुमावती चहाचा ट्रे घेऊन अर्ध्या वाटेत थांबल्या. भक्ती त्यांच्या मागे.

"पुढे आहे," उदयसिंहराव शेवटी म्हणाले, "चुकीचं नाही! पणजोबा एकदा सरकारांच्या परेडला उशिरा पोचले. घरी येऊन त्यांनी शपथ घेतली. तेव्हापासून या घरातलं प्रत्येक घड्याळ पाव तास पुढे. तुझा कॉम्प्युटर मागे होता, तो मी नीट केला!"

"प्रत्येक घड्याळ पुढे!" दीनानाथ आता सकाळचं सगळं विसरले. त्यांच्यातला गणिताचा मास्तर जागा झाला होता. "म्हणजे तुम्ही सगळीकडे पाव तास आधी पोचता?"

"अर्थात!"

"बातम्या सांगा ने त्यांना," कुसुमावती ट्रे ठेवत म्हणाल्या.

"बातम्यांचं काय?"

"सातच्या बातम्या बघायला तुम्ही खुर्चीत कधी बसता? आपल्या घड्याळात सव्वासात झाले की."

"बातम्या वेळेवर लागत नाहीत, त्याला मी काय करू?"

"आणि कारखान्याची बस? तीस वर्षं तुम्ही तिच्यासाठी घरातून निघायचात ते मनातल्या मनात पाव तास वजा करूनच. मी करते, दूधवाला करतो, शेजारच्या संयोगिताबाई आपल्याकडे वेळ विचारायला येतात त्यासुद्धा वजा करून घेतात. या घरात त्या घड्याळावर आजवर कुणी विश्वास ठेवलाय?"

उदयसिंहराव एकदम उसळले, "म्हणजे काय! सगळ्यांना माहीत असतं की! पाव तास वजा करायचा असतो! यात सांगण्यासारखं काय आहे?"

"काका," विहंग हळूच म्हणाला, "कॉम्प्युटरला कुणी सांगितलं नव्हतं. तो नवीन होता ना. त्यानं घड्याळ खरं मानलं."

आधी दीनानाथ हसले. नाकातून, मास्तरी थाटात. मग कुसुमावती. मग उदयसिंहरावांच्या मिशीचं एक टोक हललं, दुसरं हललं, आणि ते असे गडगडून हसले की भिंतीवरची तलवार खिळ्यावर थरथरली. "चार पिढ्यांत," ते डोळे पुसत म्हणाले, "त्या घड्याळावर विश्वास ठेवणारा एकच निघाला, आणि तोही बिनडोक!"

हसू ओसरल्यावर मात्र ते उठले. चौकीसमोर बसले आणि विहंगला म्हणाले, "याची वेळ खरी करून दे."

"घरात एका तरी घड्याळाला खरं बोलू दे," कुसुमावती म्हणाल्या. विहंगनं वेळ नीट केली. उदयसिंहरावांनी एका बोटानं आपलं नाव पुसलं, आणि मग त्याच बोटानं, एकेक अक्षर शोधत, दीनानाथांचं नाव चतुर्दशीच्या रकान्यात घातलं. नोंद झाली. मोरया. उदयसिंहरावांनी पान पुन्हा उघडलं. नाव जागच्या जागी होतं. दीनानाथांनी चष्मा काढला आणि झब्ब्याच्या टोकाला बराच वेळ पुसत राहिले.

"दीनानाथराव, सकाळी मी कचेरीवरून बोललो..."

"मीही घोड्यांना उगाच मधे आणलं."

"काका," विहंगनं घसा खाकरला. "पण अटीचं... घोळ तर झाला."

उदयसिंहरावांनी त्याच्याकडे नीट बघितलं. टाइम ऑफिसातली नजर. मग म्हणाले, "घोळ तुझ्या फौजेचा नाही, आमचा. घरात कुणी नवीन आलं तर त्याला घरच्या रीती सांगायच्या असतात. कुणी सांगितल्या नाहीत. तुला आता कळल्या. निरुपमावहिनींना घेऊन चतुर्थीला या. मोदक इथंच खायचे."

विहंगचा जीव भांड्यात पडला, पण पूर्ण नाही. मोठी माणसं घोड्यांवर आणि कचेऱ्यांवर गप्पा मारायला लागली तेव्हा तो चहाचा कप ठेवायच्या निमित्तानं मागच्या ओट्यावर गेला. भक्ती तिथं शेंगा निवडत बसली होती.

"चला, झालं एकदाचं," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"मग तोंड असं का केलंयस?"

"काही नाही. मला आपलं वाटायचं, तू माझ्यासाठी लवकर येतेस. तर ते घड्याळ निघालं." त्यानं हसून दाखवायचा प्रयत्न केला.

भक्तीनं शेंग खाली ठेवली. "आई काय म्हणाली ते नीट ऐकलंस? या घरात सगळे पाव तास वजा करतात."

"हो, ऐकलं की."

"मी याच घरात जन्मले, विहंग. मी काय दूधवाल्यापेक्षा अडाणी आहे?"

तिचे कान हळूहळू लाल होत चालले होते.

"म्हणजे तूही वजा करतेस? मग पाव तास आधी येऊन तिथं उभी का राहायचीस?"

भक्तीनं शेंगांचं सूप त्याच्या हातात कोंबलं आणि घाईघाईनं उठली. दाराशी पोचून वळली. "कॉम्प्युटर नवीन होता," ती म्हणाली. "तुलासुद्धा सगळं सांगावंच लागतं का?"